ढोंग्यासाठी एक शब्द

“ताई, सर गेले...” भोकरदनच्या स्टँडवर उभी होते, तेव्हा सुमनवहिनींचा फोन आला. दिगंबर सर त्यांचे यजमान. आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, मीही त्यांच्याच हाताखाली इंग्रजी शिकवायला शिकले. आधी रडू नाही, रागच आला. असल्या माणसाला जायची एवढी कसली जल्दी!

गावच्या जत्रेतल्या नाटकात सर दरवर्षी रावण व्हायचे. म्हणूनच ‘हिपोक्रिट’ शब्द शिकवताना तावातावाने बोलायचे. “लेकरांनो, मूळ ग्रीकमधी हा शब्द नटाचा. त्यात शिवी नव्हती. नट सांगूनसवरून सोंग घेतो अन् खेळ संपला की उतरवतो. काही जण स्टेजखालीही सोंग करत राह्यले, मंग शब्दाचा अर्थ ढोंगी झाला. चुकणाऱ्याला हिपोक्रिट म्हणू नका. तोंडानं एक बोलून मुद्दाम दुसरंच करणाऱ्याला बिनधास्त म्हणा.”

अन् असा एक ढोंगी आमच्याच डोक्यावर बसला होता. ‘कॉपीमुक्त शाळा’ असं फाटकावर रंगवून घेणारे आमचे संस्थेचे अध्यक्ष. दहावीच्या परीक्षेत सरांनी कॉपी पुरवू दिली नाही, तेव्हा शाळेचा निकाल पडेल म्हणून हेच खवळले. सरांचा वर्ग काढून त्यांना ग्रंथालयात बसवलं. माफी मागा, वर्ग परत घ्या, असा अध्यक्षांचा निरोप आल्ता. सर म्हणाले, “बिलकुल न्हाई.” वर्गावाचून माणूस सुकत गेला... पण वाकला नाही.

दहाव्याला, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, नदीवर श्रद्धांजलीचा माइक लागला. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, “कॉपीविरुद्धच्या लढ्यात मी सरांच्या पाठीशी उभा होतो.” वहिनींनी माझा हात गच्च धरला. “ताई, हे खोटं असंच राहू द्यायचं का?” माझी नोकरी याच माणसाच्या हातात. तरी उठले अन् माइक घेतला. “पाठीशी न्हाई, आडवे उभे होते तुम्ही. सरांचा वर्ग तुम्हीच काढला.” सगळ्यांनी माना खाली घातल्या. वहिनी तेवढ्या मान ताठ करून बसल्या होत्या.

शाळेत इंग्रजीचं दुसरं कोणी नाही, म्हणून आता दहावीचं इंग्रजी माझ्याकडे आहे. सरांची सवय होती, नवा शब्द फळ्यावर लिहायचा अन् पोरांकडून त्याचं वाक्य करून घ्यायचं. परवा मी सरांचा तोच शब्द लिहिला, ‘हिपोक्रिट’. तेवढ्यात अध्यक्ष दारात येऊन उभे राहिले. सगळा वर्ग माना वळवून त्यांच्याकडे बघायला लागला.

“दाराकडं काय बघून राह्यले?” मी म्हणाले. “वाक्य करा. अन् मोठ्यानं वाचा.”