नगर म्हणजे कुठलं नगर?

आमच्या कंपनीचा मेल सर्व्हर सुप्याच्या एमआयडीसीत, स्टोअरच्या शेजारच्या एका चिंचोळ्या खोलीत असतो. खोलीला एसी आहे, त्यामुळे मे महिन्यात माझे मित्र वाढतात. कार्डावर माझं पद चांगलं लांबलचक लिहिलेलं आहे, पण प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळे मलाच हाक मारतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टींचं, आणि बारीकसारीक गोष्टींचंसुद्धा. आम्ही नगरचे ख्रिस्ती. लहानपणी शनिवारी फादरांसमोर कबुली द्यायला जायचं असे. एखाद्या आठवड्यात सांगण्यासारखं काही घडलेलं नसलं, तर मी जाता जाता बहिणीची वेणी ओढून जात असे. बायको म्हणते, तुम्हाला चूक केल्यापेक्षा ती सांगताना जास्त बरं वाटतं. यात तथ्य आहे. पण यावेळची चूक मी ओढूनताणून आणलेली नव्हती.

मेलचं आमचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि जगभरातली मंडळी ते सतत सुधारत बसलेली असतात. नवं व्हर्जन आलं की त्यासोबत काय काय नवीन आहे याची एक यादी येते. ती मी फार आवडीने वाचतो. यावेळी यादी भरगच्च होती. सेटिंग बदलल्यावर आता सर्व्हर बंद करून चालू करायची गरज नव्हती. आपला नियम आधी नुसता करून बघायची सोय होती, म्हणजे सर्व्हर प्रत्यक्षात काहीच बदलणार नाही, फक्त 'मी असं केलं असतं' एवढं लिहून ठेवणार. आणि तिसरी सोय वाचून तर मी खुर्चीत सरळ बसलो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलमधला एखादा शब्द सर्व्हर स्वतःच बदलून देणार होता.

मला ही सोय का हवी होती ते सांगतो. जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, तेव्हा मोठ्या साहेबांनी मिटिंगमध्ये सांगितलं होतं की बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलमध्ये नवं नाव दिसलं पाहिजे. प्रत्येकाने मेलच्या खाली येणारी आपली सही बदलायची होती. निम्म्यांनी बदलली. उरलेल्यांपैकी कुणी अजून जुनं नाव लिहीत होतं, तर कुणी नुसतंच 'नगर'. मी टेबलाटेबलावर जाऊन सांगितलं. सगळे 'हो हो' म्हणाले. साहेब दर मिटिंगला माझ्याकडे बघायचे.

तर मी नियम लिहिला. जुनं नाव दिसलं की अहिल्यानगर कर. नुसतं 'नगर' दिसलं तरी अहिल्यानगर कर. मग मला सुचलं की अहिल्यानगरमध्येही 'नगर' आहेच, म्हणजे सर्व्हर त्याचंही अहिल्याअहिल्यानगर करून ठेवील. म्हणून मी एक पोटनियम जोडला: आधीच 'अहिल्या' असेल तर हात लावू नकोस. हे आपल्याला वेळेवर सुचलं याचं मला इतकं कौतुक वाटलं की मी चहा मागवला. शिवाय विक्री विभागाच्या मेलच्या पत्त्यातही जुनं नाव होतं. त्यासाठी नवा पत्ता उघडला आणि नियम मजकुरात लावायचा की पाठवणाऱ्याच्या पत्त्यातही, असं जिथे विचारलं होतं तिथे 'सगळीकडे' निवडलं. आधी नुसतं करून बघायची जी सोय होती, ती मी वापरली नाही. एवढ्या साध्या नियमाला काय करून बघायचं.

आता वाचक हसत असतील, आणि ते बरोबरच आहे. पण आमची बाजूही ऐका. आम्हा लोकांना 'नगर' म्हटलं की एकच. पुण्यात शिवाजीनगरच्या स्टँडवर उभं राहून आम्ही 'नगरची गाडी कधी हाय?' असं विचारतो, आणि आपण एका नगरात उभं राहून दुसऱ्या नगरची चौकशी करतोय हे आजवर माझ्या तरी डोक्यात आलं नव्हतं. जगात दुसरी नगरं आहेत हे मला माहीत होतं. फक्त ती नगरं आहेत असं वाटत नव्हतं.

सोमवारी नियम चालू झाला. साहेबांना मी नमुन्याला एक मेल दाखवला. ते म्हणाले, "आता झालं बघा काम." बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझ्या कामाला काम म्हटलं होतं.

इथे माझ्या डब्याच्या सोबत्याची ओळख करून द्यायला हवी. क्वालिटी विभागातला हा माणूस माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, पाथर्डीकडचा. पूर्वज कधीकाळी नगरहून तिकडे गेलेले, त्यामुळे आडनाव गावावरूनच पडलेलं. बायको छत्रपती संभाजीनगरला नर्स, मुलगी तिच्याजवळ, आणि हा सुप्यात खोली करून राहणारा. दर शनिवारी संध्याकाळी एसटी पकडायचा आणि सोमवारी पहाटे परत. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार होती आणि बापाने रोज शाळेत सोडायला यावं, असं तिने फोनवर बजावलेलं होतं.

आमच्याच मालकांची तिकडेही एक कंपनी आहे. तिथे क्वालिटीची एक जागा निघाली आणि त्याने बदली मागितली. तिथल्या एचआरने कळवलं की तुम्हाला नक्की यायचं असेल तर होकाराचा मेल पाठवा, शनिवारी दुपारी बदल्यांची यादी वर जाईल, नाहीतर बाहेरचा माणूस घेऊ. हा मेल त्याने मंगळवारी, माझ्या नियमाच्या दुसऱ्या दिवशी पाठवला. अतिशय नीट इंग्रजीत, मला दाखवून. मीच त्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

बुधवारी जेवताना मी विचारलं, "आलं का काही?"

"न्हाई अजून."

गुरुवारीही नाही. शुक्रवारी सकाळी मी सर्व्हरची नोंद बघत होतो. कुठला मेल आला, कुठला नाकारला, हे त्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. आम्ही त्याला लॉग म्हणतो. एका ओळीत सर्व्हर म्हणत होता की अमुक पत्त्यावर बाहेरून मेल आला होता, पण असा माणूस आपल्याकडे नाही, म्हणून परत पाठवला. पत्ता वाचून मला आधी हसू आलं. माझ्या सोबत्याच्या आडनावाला पुढे 'अहिल्या' जोडलेलं होतं. मग हसू थांबलं. मेल संभाजीनगरच्या एचआरकडून आला होता. गुरुवारी एकदा आणि त्याच्या आदल्या दिवशी एकदा.

त्याचं आडनाव 'नगर'नेच सुरू होतं. माझ्या नियमाने त्याच्या मेलवरचा त्याचाच पत्ता बदलून पाठवला होता. तिकडच्यांनी त्या पत्त्यावर उत्तर दिलं आणि आमच्या सर्व्हरने, असं कुणी नाही, म्हणून दार लावलं. मग मी त्याचा बाहेर गेलेला मेल उघडून पाहिला. त्यात लिहिलं होतं की मला छत्रपती संभाजीअहिल्यानगर येथे बदली मान्य आहे.

नियम काढून टाकायला दोन मिनिटंही लागली नाहीत. नवी सोयच तशी होती, सर्व्हर बंद करावा लागला नाही, कुणाला काही कळलं नाही. कळलं होतं ते फक्त मला.

त्यानंतर जेवणाची सुट्टी झाली, आणि मी जे केलं नाही ते सांगण्यासाठी हे सगळं लिहितोय. आम्ही नेहमीच्या जागी बसलो. माझ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी होती, ती त्याला आवडते म्हणून बायको जास्त देते. तो म्हणाला, "दादा, मला वाटतं त्यांनी दुसरा मानूस बघितला असंल. सरळ न्हाई म्हनायला जड जातं लोकांना."

"येईल उत्तर," मी म्हणालो.

"आलं तर आलं. न्हाईतर हायच आपला डबा."

आणि मला बरं वाटलं. मेल परत गेल्याचं मला ठाऊक होतं, शनिवार उद्यावर होता, समोर बसलेल्या माणसाची मुलगी त्याची वाट बघत होती, आणि मला वाटत होतं की हा राहिला तर बरं होईल. इथे माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नाही असं नाही. पण बाकीचे प्रिंटरबद्दल बोलतात. मी भाकरीचा तुकडा मोडला, चटणी त्याच्याकडे सरकवली आणि गप्प राहिलो. सगळा डबा संपेपर्यंत.

हात धुताना मात्र जमेना. नळाखाली हात धरून मी म्हणालो, "अरे, तुझा मेल मी खराब केला."

"कसा?"

मी सांगितलं. नियम, आडनाव, परत गेलेले मेल. तो ओल्या हाताने ऐकत उभा होता.

"म्हंजी मी सरकारी नावानं फिरतोय सोमवारपासनं," तो म्हणाला.

"आणखी एक आहे. मला हे सकाळीच कळलं होतं. जेवताना मी बोललो नाही, कारण मला वाटलं..."

"दादा, ते मागनं. आदी फोन लावा."

आम्ही माझ्या एसीच्या खोलीत गेलो. मी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडच्या एचआरमधल्या बाईंना त्याचं नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, तुम्हीच का ते? तुमच्या मेलवर इथे चर्चा झाली. संभाजीअहिल्यानगर म्हणजे कुठे?"

"मॅडम, ती आमच्या सर्व्हरची चूक," मी म्हणालो.

"आमच्या साहेबांना वाटलं, यांचं अजून ठरत नाहीये. दोन्हीकडे पाय. म्हणून दोनदा विचारलं, नक्की कुठे ते कळवा. दोन्ही मेल परत आले. मग साहेब म्हणाले, राहू द्या, त्यांना यायचं नसेल."

"यायचं हाय मॅडम," तो एकदम पुढे वाकून म्हणाला. "संभाजीनगर. नुसतं संभाजीनगर. मुलगी हाय माझी तिथं."

"मग आत्ता लिहून पाठवा, सर. मी साहेबांकडे घेऊन जाते. पण त्यांनी दुसऱ्या एकाला सोमवारी बोलावलंय, हे आधीच सांगते."

त्याने माझ्याच कॉम्प्युटरवरून लिहिलं. यावेळी दोन ओळी, स्वल्पविरामाशिवाय. मी पुन्हा फोन करून बाईंकडून त्या अक्षर अन् अक्षर वाचून घेतल्या. त्यांनी वाचल्या. नगर जिथल्या तिथे होतं. त्यानंतर मी मोठ्या साहेबांकडे गेलो, सगळं सांगितलं आणि तिकडच्या साहेबांना आपण एक फोन करावा अशी विनंती केली. साहेबांनी आधी विचारलं, "गांधीनगरच्या पार्टीलाही असंच गेलं का?" मी हो म्हणालो. श्रीनगरलाही एक कोटेशन गेलं होतं, तेही सांगून टाकलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. पण फोन केला. माझ्यासमोर केला आणि चूक आमच्याकडची आहे असं स्वच्छ सांगितलं.

शनिवारी दिवसभर तो खाली लाइनवर आणि मी वर. दर अर्ध्या तासाने तो वर येऊन दारात उभा राहायचा आणि मी मान हलवायचो. दुपार टळली. यादी गेली असणार. चारच्या सुमाराला लॉगमध्ये तिकडच्या मेलची एक ओळ आली, स्वीकारला म्हणून. मेल त्याचा होता, मी उघडला नाही. जिन्याने खाली धावलो. या वयात मी जिन्याने धावत नाही, म्हणून लाइनवरच्या सगळ्यांनी हातातलं काम थांबवलं. त्याने मोबाईलवर वाचलं आणि मोबाईल माझ्याकडे दिला. एक जूनपासून हजर व्हा, असं होतं.

"झालं," तो म्हणाला, आणि एसटी चुकेल म्हणून सुपरवायझरला विचारायला पळाला.

पुढच्या आठवड्यात मी राहिलेली कबुली पुरी करायचा प्रयत्न केला. एकदा चहाच्या टपरीवर, एकदा पार्किंगमध्ये. दरवेळी तो विषय बदलायचा. शेवटी म्हणाला, "दादा, तुमाला माफी पायजे का मला टेम्पो? सामान न्यायचंय, वळखीचा कुनी असंल तर सांगा." मी टेम्पोवाल्याचा नंबर दिला. माफीचं तसंच राहिलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याला टेम्पो मिळाला ना?"

शेवटच्या दिवशी त्याचा मेलचा पत्ता बंद करायचा होता. तेही माझंच काम. नव्या व्हर्जनमध्ये अशा बंद पत्त्यासाठी आपल्या शब्दांत उत्तर ठेवता येतं, आणि ते मराठीतही चालतं. कुणी त्या पत्त्यावर लिहिलं, तर सर्व्हर आपोआप ते उत्तर पाठवतो. तो निरोप घ्यायला आला तेव्हा मी टाइप करत होतो. त्याने माझ्या खांद्यावरून वाचलं: 'हे गृहस्थ येथून गेले. कृपया छत्रपती संभाजीनगर येथील पत्त्यावर संपर्क साधावा.'

"दादा, 'गेले' नका लिहू," तो म्हणाला. "पार्टीवाले हार घेऊन येतील."

मी 'बदलून गेले' असं केलं. त्याने पुन्हा एकदा सावकाश वाचलं, गावाच्या नावावर बोट ठेवून, आणि मगच मला सेव्ह करू दिलं.