गालाला थंड लागणारा खडा

मी वर्ध्याच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. माझे मिस्टर नाचणगावचे शेतकरी. वखरताना सापडलेले पांढरे खडे ते खिशात घालून घरी आणायचे. मी म्हणायची, आधी चमक पाहा, खिळ्यानं ओरखडा उठतो का बघा, हातात वजन घ्या. ते यातलं काहीच करत नसत. खडा सरळ गालाला लावायचे. काच असली तर गालाच्या उबेनं लगेच कोमट होते, स्फटिक बराच वेळ थंड राहतो.

"असली हाय," ते म्हणायचे.

मी चिडायची. गालानं दगड ओळखतात का कुठं?

"तुह्या कॉलेजात नसन ओळखत, माह्या वावरात ओळखतेत."

या उन्हाळ्यात ते गेले. समोरच्या खोलीत त्यांना ठेवलं होतं. मी वाकून त्यांच्या कपाळाला गाल लावला आणि तसाच ठेवला. जाऊ खांद्याला धरून उठवायला लागली, तर तिच्यावरच ओरडले. थोडा वेळ थांब म्हटलं, होईल गरम.

इतकी वर्षं खडा काचेचा निघाला की मी तो फेकून द्यायची. त्या दिवशी मला काच हवी होती.