नसलेल्या माणसाचा लेख

आल्टरनेट रिअॅलिटी गेम म्हणजे काय, हे मी हल्ली कुणाला समजावत बसत नाही. लोक लगेच मोबाईलवरचा गेम पुढं करतात, हेच का म्हणून. नाय हो. हा खेळ आपण खेळ आहोत हे कबूलच करत नाही. खोट्या कंपनीची वेबसाईट असते, तिच्यावरचा नंबर लावला तर खरंच कुणीतरी उचलतं, आणि तुम्ही कधी आत ओढले गेलात ते तुम्हालाही कळत नाही.

विद्यापीठात ह्या विषयावर आम्ही दोघीच. मी, आणि पैठणहून एस.टी.नं येणारी माझी मैत्रीण. संदर्भसूची दोघींत एकच, ऑनलाइन. तिचे दोन कप्पे: एकात खेळांविषयीचे अभ्यासलेख, दुसऱ्यात खेळांतलीच खोटी पानं. मैत्रीण सापडेल ते टाकायची, मी मागून आवरायची. ना साल, ना प्रकाशक, नुसती लिंक. माझं डोकं फिरायचं. बोलले की म्हणायची, तू आहेस ना.

मागच्या खेपेला विद्यापीठाच्या संशोधन समितीनं तिचा पीएच.डी.चा आराखडा परत पाठवला होता. ह्या वेळीही नाही झालं तर शिक्षण बंद, असं तिच्या सासरी ठरलं होतं. आणि तिनं ते मुकाट मान्य केलं होतं, ह्याचाच मला जास्त राग. निदान यादी तरी चोख जावी म्हणून सादरीकरणाच्या आधी मी ती घेऊन बसले.

तिचा सगळा डोलारा एका परदेशी प्राध्यापकाच्या लेखावर उभा होता. खेळ संपल्यावर खेळाडू किती एकटे पडतात, ह्यावर त्यानं फार मायेनं लिहिलं होतं. त्याच्या संस्थेचा पत्ता भरायला गेले, तर तोच पत्ता आमच्या दुसऱ्या कप्प्यातल्या एका खोट्या कंपनीचा निघाला. संस्था नव्हती. प्राध्यापकही नव्हता. लेख म्हणजे खेळाचाच एक तुकडा होता.

लगेच फोन लावला. ती बसमध्ये होती. एस.टी.च्या खडखडाटात ओरडून सगळं सांगितलं. लेख काढून टाक, दुसरा आधार शोधू, असं मी परोपरीनं म्हटलं. ती हो म्हणाली नाही.

समितीपुढं तिनं तोच लेख पहिल्या स्लाईडवर ठेवला, आणि हा माणूस अस्तित्वात नाही असं सरळ सांगून टाकलं. मग तुमच्या संशोधनात उरलं काय, अध्यक्षांनी विचारलं.

"सर, मी हा खेळ खेळत होते आणि मलाच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "माणूस असा आत कसा जातो, तेच मला शोधायचंय."

किरकोळ दुरुस्त्या सुचवून आराखडा मंजूर झाला.

बसस्थानकावर मी आनंदानं नुसती बडबडत होते. ती बाकावर पिशवीचा बंद गुंडाळत बसलेली. शेवटी मी चिडलेच. अगं बाई, झालं ना सगळं मनासारखं, आता तोंड पाडून का बसलीस?

"घरात कुणी बोलत नव्हतं तेव्हा रोज बसमध्ये त्याचंच वाचायचे गं," ती म्हणाली. "मंजूर झालं की त्याला मेल करणार होते. लिहूनसुद्धा ठेवला होता."

तेवढ्यात पैठणची गाडी लागली. मी तिची पिशवी खिडकीतून आत दिली आणि हात हलवत उभी राहिले.

यादीतली त्या लेखाची नोंद दुसऱ्या, खोट्या पानांच्या कप्प्यात टाकायला हवी. मी अजून हलवलेली नाही.