अक्षरे की चिन्हे

हे आजवर कुणाला माहीत नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की माझं धाडसच तेवढं? असेल.

मी ऐरोलीत एका लहानशा कंपनीत आहे. मराठी छपाईसाठी लागणारी सॉफ्टवेअर आम्ही बनवतो, आणि प्रोग्रॅमरांसाठी त्यांची माहिती मी लिहिते. कुठलं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला एखादं काम करणारा तुकडा, काय करतं, त्याला काय द्यायचं, ते काय परत देतं. ही माहिती मराठीतच हवी, हा आमच्या सरांचा हट्ट. माझं मराठी चांगलं — म्हणजे तसं सगळे म्हणतात, आणि मी म्हणू देते. दुसऱ्याच्या मेलमधली चुकलेली वेलांटी मला लगेच टोचते. स्वतःची चूक? ती गोष्ट वेगळी.

एक फंक्शन होतं, मजकूर ठरावीक मापात बसवणारं. बारा सांगितलंत तर पहिले बारा ठेवायचे, पुढचं कापायचं. पण बारा काय? ज्या मुलानं ते बनवलं त्यानं मला समजावलं होतं, की ते अक्षरं मोजत नाही, चिन्हं मोजतं. आपण 'क्षि' हे एक अक्षर म्हणतो. त्याला तिथे चार चिन्हं दिसतात — क, पाय मोडल्याची खूण, ष आणि वेलांटी. मला कळलं. अगदी नीट कळलं. पण 'चिन्हे' हा शब्द वाक्यात रुक्ष वाटला, आणि मी लिहिलं, 'सांगितली तेवढी अक्षरे ठेवते, पुढची कापते.' वाचायला छान वाटतं ना?

मग स्नेहल आली. साताऱ्याकडची, घणसोलीत मावशीकडे राहायची. पहिलीच नोकरी, अजून कायम व्हायची होती. घरच्यांनी लग्नासाठी लकडा लावला होता. कायम झाले की निदान थोडे दिवस गप्प बसतील, असं ती डबा खाताना म्हणायची. एकदा मला म्हणाली, तुमचं वाचलं की कुणाला विचारायला लागत नाही. मला बरं वाटलं. कुणाला वाटणार नाही?

एका शाळेच्या बक्षीस समारंभाच्या प्रशस्तिपत्रांचं काम तिच्याकडे आलं. नावाच्या ओळीत जागा कमी होती, म्हणून माझं वाक्य वाचून तिनं बारा अक्षरांची मर्यादा घातली. 'राम पाटील' घालून पाहिलं, बरोबर आलं. आणि समारंभात क्षितिजा क्षीरसागर नावाची मुलगी स्टेजवर गेली, तेव्हा तिच्या हातात पडलं 'क्षितिजा क्ष'. अशी पुष्कळ नावं तुटली होती. पालक आधी हसले, मग चिडले. शाळेनं सरांना फोनवर चांगलंच झाडलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी बैठक बोलावली. त्याआधी — हे सांगायलाच मी इतका वेळ घेतला — त्याआधी मी त्या फंक्शनच्या माहितीचं पान उघडलं. 'अक्षरे' खोडून 'चिन्हे' केलं. खाली एक ओळ वाढवली, की जोडाक्षरातील प्रत्येक भाग आणि प्रत्येक मात्रा वेगळे चिन्ह धरले जाते. घाबरले होते का? तेही नाही. हात नेहमीसारखे चालत होते. शुद्धलेखनसुद्धा तपासलं मी.

बैठकीत सरांनी ते पान पडद्यावर लावलं. स्नेहलनं वाचलं. पुन्हा वाचलं.

"मी वाचलं तेव्हा असं नव्हतं ओ, मॅडम," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात — विचारत होती.

"असंच होतं," मी म्हणाले. "तू नीट वाचलं नाहीस."

फंक्शन बनवणारा मुलगा तोवर नोकरी सोडून गेला होता. पानाची जुनी प्रत कुणालाही काढून पाहता आली असती. पण माझ्या शब्दावर कोण शंका घेणार? तिनं वाद घातला असता, तर मी आणखी खोटं बोलले असते. तिनं घातला नाही. माझंच काहीतरी चुकलं असेल, एवढं म्हणून खाली बसली. तिला कायम केलं नाही. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलाशी आली आणि माफी मागून गेली — तुमच्या लिहिण्यावर उगाच शंका घेतली, म्हणाली. मी म्हणाले, असू दे.

पुढे तिचं लग्न ठरल्याचं ऑफिसात कुणीतरी सांगितलं. मी मान हलवली आणि चहा घ्यायला उठले.

वाईट वाटत नाही का? सुरुवातीला लाज वाटली, फार वाटली. मग कमी होत गेली. आता दाढ काढायला बधिर केल्यावर गाल चावला तरी कळू नये, तसं आहे. ते बदललेलं वाक्य अजून तिथेच आहे. नवीन मुलं म्हणतात, सगळ्यात स्पष्ट लिहिलेलं तेच. मी थँक्यू म्हणते.

स्नेहलचा नंबर माझ्याकडे आहे. मी तिला कधी फोन केला नाही, आणि हे लिहून झाल्यावर करीन असंही वाटत नाही. आपल्याला नीट वाचता येत नाही, असं ती अजूनही समजत असेल. तिनं नीटच वाचलं होतं.