आबाजीनं पंच व्हायचं नाकारलं

इंदापूरजवळ हायवेला माझ्या चहाच्या हॉटेलाशेजारी आबाजीचं पंक्चरचं दुकान आहे. अपघात झाला की पोलीस त्यालाच हाक मारतात. पंचनाम्याला पंच लागतात, आणि बाकीची जनता खाकी दिसली की ढुंगणाला पाय लावून पळते. आबाजी हातातला टायर ठेवून जातो, गाडी कुठं पडली, काचा कुठं सांडल्या ते बघून सही करतो. मी त्याला ‘सरकारी पाहुणा’ म्हणून चिडवायचो. तो म्हणायचा, पंचाचं सोपं असतं. झाल्यावर जे दिसतं तेवढंच सांगायचं. ते कसं झालं हे साक्षीदारानं सांगायचं, आणि साक्षीदार व्हायला कुणी तयार नसतं.

गेल्या वर्षी दुकानासमोरच एक मोटारसायकल ट्रकवर आदळली. आवाज ऐकून मी बाहेर आलो तोवर लोक परमुलखातल्या त्या ट्रकवाल्याला बडवत होते. पाय मोडून पडलेला पोरगा मल्हार होता, आबाजीची धाकटी बहीण साखरबाई, तिचा एकुलता एक. त्याला बारामतीच्या दवाखान्यात पाठवलं, आणि हवालदारानं सवयीनं आबाजीला पंचनाम्याला बोलावलं. मला वाटलं, सही करून मोकळा होईल.

आबाजी जागचा हलला नाही. “सायेब, पंच दुसरा बघा. ते पोरगं माझा भाचा हाय. आन मी हे हुताना बघितलंय. ट्रकवाल्याची चूक न्हाय, पोरगंच उलट्या बाजूनं आलं.”

ट्रकवाला सुटला, खटला मल्हारवर झाला. मल्हारनं आईला सांगितलं, ट्रकच अंगावर आला. आई लेकाचं ऐकणार नाही तर कुणाचं? साखरबाईनं भावाशी बोलणं टाकलं.

कोर्टातही आबाजीनं तेच सांगितलं. बाहेर आल्यावर मल्हार लंगडत जवळ आला आणि हळूच म्हणाला, “मामा, आईला मी अजून खरं सांगितलं न्हाय.”

“कोर्टाला मी सांगितलं,” आबाजी म्हणाला. “तिला तू सांग.”

मला त्या पोराच्या कानाखाली द्यावीशी वाटली, अजूनही वाटते.

यंदा भाऊबीजेला आबाजीनं साडी घेतली. मीच त्याला गाडीवरून पळसदेवला साखरबाईच्या घरी नेलं. दार मल्हारनं उघडलं. आतून साखरबाईनं विचारलं, कोण आलंय?

मल्हारनं मामाकडं बघितलं, मग खाली बघितलं.

“कुनी न्हाय, आई,” तो म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं.