मुंबईला दिसलं पाहिजे

आमच्या नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यात दोनच गोष्टी तयार व्हायच्या. इलेक्ट्रिक पॅनेल आणि किस्से. पॅनेलना पुढे पुढे ऑर्डर मिळेना. किस्से मात्र विनाऑर्डर निघतच राहिले! अजूनही आम्ही जुनी मंडळी एखाद्या रविवारी मिसळीला जमलो की एकेक सुरू होतो. त्यातले निम्मे एकाच विषयावरचे : व्हिडिओ कॉन्फरन्सचं यंत्र कुणाचं घ्यायचं! पोट धरून हसतो. मग कुणीतरी म्हणतं, "पुरे रे आता," आणि सगळे मुकाट्याने जादा रस्सा मागवतात.

मी तिथे परचेसला होते. म्हणजे कोटेशनं मागवायची, एकाशेजारी एक मांडायची आणि कुठलंही निवडलं तरी शिव्या खायच्या.

*

सुरुवात कसारा घाटात झाली.

आमचे वर्क्स मॅनेजर धारणकर साहेब दर सोमवारी गाडीने मुंबईच्या हेड ऑफिसला मीटिंगला जायचे. तिथे शहा नावाचे डायरेक्टर कामं वाटायचे. एवढं नाशिकला, एवढं गुजरातेतल्या नव्या प्लांटला. एका सोमवारी घाटात ट्रक आडवा झाला. साहेब पोचले तेव्हा मंडळी जेवायला उठत होती आणि वर्षातली सगळ्यात मोठी ऑर्डर गुजरातला गेली होती!

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा उतरलेला.

"वैद्यबाई, जो दिसतो त्याला काम मिळतं. आपण मुंबईला दिसतच नाही. असंच चाललं तर इथे कुलूप लागेल."

मग म्हणाले, "व्हिडिओ कॉन्फरन्सची तीन कोटेशनं मागवा."

दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या शॉपमध्ये पोचली. बहुतेकांनी सिडकोत हप्त्यावर घरं घेतलेली, पोरं शाळेत. यंत्र येणार आणि आपण वाचणार, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं. मीसुद्धा! आज त्याचं हसू येतं आणि वाईटही वाटतं.

*

या यंत्राला खास टेलिफोन लायनी लागायच्या. एक नाही, तीन. अर्ज केला, खेटे घातले, वाट पाहिली. अखेर एकदाचा लाइनमन उगवला. भिंतीशी उकिडवा बसून वायर सोलता सोलता त्याने आमच्या मेंटेनन्सच्या बच्छावला विचारलं, "भाऊ, एवढ्या लायनी कशाला? तुमचा कारखाना तर बंद होतोय म्हणे!"

बच्छावने त्याला चहा पाजला, गेटपर्यंत सोडलं आणि तडक माझ्या टेबलाशी आला. हा सटाण्याकडचा. एरवी आमच्यासारखंच बोलायचा, पण धास्तावला की गावची भाषा बाहेर पडायची.

"मॅडम," तो म्हणाला, "आपल्याला सोडून समद्यांना माहीत शे!"

*

पहिल्या कंपनीचा डेमो. ट्रॉलीवर भलामोठा टीव्ही, त्याच्या डोक्यावर कॅमेरा. पलीकडे मुंबईत शहा साहेब. चित्र इतकं अडखळत यायचं की त्यांनी चहाचा कप उचलला तो एकदम रिकामाच खाली दिसला!

धारणकर साहेबांनी तयारी जोरदार केली होती. उत्पादन, खर्चातली बचत, मिळू शकणाऱ्या नव्या ऑर्डरी, सगळं मुद्देसूद. साहेब बोलत होते आणि शहा हनुवटीला हात लावून ऐकत होते. मधे खोकले नाहीत, घड्याळ बघितलं नाही, फोन घेतला नाही. आम्ही एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. आज माणूस विरघळला!

साहेबांचं शेवटचं वाक्य संपतंय तोच टेबलावरचा साधा फोन वाजला. मुंबईची ऑपरेटर होती. "सर, तुमची लाइन कधीची तुटलीय. शहा साहेब दुसऱ्या मीटिंगला गेले."

टीव्हीवर शहा अजून हनुवटीला हात लावून बसलेले!

साहेबांनी कागद गोळा केले. म्हणाले, "तरीच! आज पहिल्यांदाच मला कुणी मधे तोडलं नाही."

*

दुसऱ्या कंपनीने सेट आमच्याकडे ट्रायलला ठेवून दिला, आणि मधेच आली खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. प्रेसला हार, ग्राइंडरला हार, फोर्कलिफ्टसमोर नारळ. बच्छाव म्हणाला, आपल्याला वाचवणारं यंत्र बिनपूजेचं कसं ठेवायचं? त्याने कॅमेऱ्याला झेंडूची माळ घातली, कपाळ शोधलं आणि हळद-कुंकवाचं चांगलं ठसठशीत बोट टेकवलं. कॅमेऱ्याचं कपाळ म्हणजे अर्थातच भिंग!

दुपारी मुंबईचा कॉल लागला. शहा साहेब पलीकडे ताडकन उभे राहिले.

"धारणकर! वहाँ आग लगी है क्या?"

"नाही साहेब, पूजा केलीय."

बच्छाव रुमालाने भिंग पुसायला धावला. पुसता पुसता पुटपुटला, "लागली असती तर निदान विमा तरी भेटला असता." ते मात्र मुंबईला खणखणीत ऐकू गेलं!

*

त्याच सेटचा आणखी एक. आमच्या भागात वीज बंद राहायचा वार ठरलेला होता, आणि शहा साहेबांना नेमका त्याच दिवशी वेळ मिळाला. बच्छावने जनरेटर लावला. तो कॉन्फरन्स रूमच्या खिडकीबाहेरच होता. त्याच्या धडधडीपुढे आम्हाला आमचंच बोलणं ऐकू येईना.

शॉपमध्ये त्या आठवड्यात काम नव्हतं. फिटर, वेल्डर सगळे कंपाउंडमधलं गवत उपटत होते. नोकरीला लागताना ट्रेड टेस्ट दिलेली माणसं! मला त्या बाजूला बघवायचं नाही.

शहा साहेबांनी कान देऊन ऐकलं आणि खूष झाले. "वाह! प्रोडक्शन ज़ोर से चल रहा है!"

साहेबांनी आमच्याकडे एक नजर टाकली. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "जी साहेब. एकदम जोरात!"

त्यानंतर वीज असो नसो, प्रत्येक कॉलला जनरेटर चालू राहिला.

*

या दुसऱ्या सेटमध्ये एक करामत होती. मुंबईत बसून रिमोटने नाशिकचा कॅमेरा फिरवता यायचा. शहा साहेबांना ती फार आवडली. म्हणाले, आता शॉपच दाखवा.

साहेबांनी कॅमेरा शॉपच्या गॅलरीत नेऊन लावला. पण दाखवायचं काय? निम्मी मशिनं थंड. मग शक्कल निघाली. कॅमेऱ्यासमोर जेवढं येईल तेवढ्यात माणसं उभी करायची, आणि कॅमेरा पुढे सरकला की त्यांनी खालून पळत पुढच्या खात्यात जायचं. स्टोअरची माणसं आली, ड्रायव्हर आले. तरी कमी पडली म्हणून कँटीनचे रकिबेकाका आले. भजी तळायची सोडून, हेल्मेट घालून!

कॅमेरा फिरायला लागला. रकिबेकाका प्रेसवर दिसले. मग वेल्डिंगला दिसले. मग पेंट शॉपमध्ये धापा टाकत, हेल्मेट उलटं, खांद्यावर कँटीनचा पंचा.

"धारणकर," पलीकडून आवाज आला, "ये आदमी तीनों डिपार्टमेंट में कैसे?"

साहेब डगमगले नाहीत. "मल्टिस्किलिंग, साहेब. आमचा एक माणूस तिन्ही कामं करतो."

शहा साहेबांनी समाधानाने मान हलवली.

"बहुत अच्छा. फिर हमने तीन क्यों रखे हैं?"

*

तिसऱ्या कंपनीचा सेट सगळ्यात महाग. घेऊन आलेले गृहस्थ पन्नाशीचे, मऊ बोलणारे. त्यांनी सकाळपासून वायरी जोडल्या, पडदे ओढले, खुर्च्या सारख्या केल्या. आता एकदा मनासारखं दिसलो म्हणजे झालं, असं म्हणत साहेब नवीन शर्ट घालून आले होते. आम्ही सहा-सात जण बाजूला बसलो.

कॉल लागला आणि आम्ही थक्क झालो. शहा साहेब अगदी समोर बसल्यासारखे! चष्म्याची काडी दिसत होती, टेबलावरचा पेपरवेट दिसत होता. आवाजही असा की त्यांनी कागद उलटला तरी ऐकू आला. बच्छावने मला हळूच खूण केली : हेच!

"वाह," शहा साहेब म्हणाले. "बिलकुल साफ़ दिख रहे हो. धारणकर, वैसे भी मैं आपको सोमवार को बुलाने वाला था. पर ये कहने के लिए इतनी दूर बुलाना अच्छा नहीं लगता. अभी कर लेते हैं."

आणि त्यांनी सांगितलं. बोर्डाने ठरवलंय. मशिनं गुजरातला जातील. माणसांचा हिशेब नियमाप्रमाणे होईल. साहेबांचाही. नाशिक बंद. ते वाईट बोलले नाहीत, घाईही केली नाही. मधे एकदा थांबून ते पाणी प्यायले, तेही आम्ही ऐकलं. शेवटी "टेक केअर" म्हणाले आणि पडदा निळा झाला.

कुणी उठेना. स्टोअरच्या शिंद्यांनी हातांत तोंड लपवलं. मला रडू फुटत होतं आणि मी ओठ दाबून बसले होते. ते सेट विकायला आलेले गृहस्थ कोपऱ्यात उभे. बिचाऱ्यांना जाताही येईना आणि थांबताही येईना. काहीतरी बोलायचं म्हणून सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "सर... आपला अभिप्राय?"

धारणकर साहेबांनी मान वर केली. थोडा विचार केला. मग माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात म्हणाले,

"वैद्यबाई, यांचंच घ्या. एक शब्दसुद्धा तुटला नाही."