परदेशी स्पर्धेला गेलेलं आमचं गाणं

दुष्काळाच्या त्या वर्षी मी सतरा वर्षांची होते. शेवगावजवळच्या आमच्या गावातल्या विहिरी आटल्या आणि घरची सगळी माणसं खडी फोडायच्या कामावर जाऊ लागली. थोरला भाऊ, दादा, तेवढा नगरला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होता. लष्करी बँडमधल्या एका जवानाकडून तो गिटार शिकला होता. परदेशी स्टेशनवर त्यानं एका आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेची घोषणा ऐकली आणि गाणं रचलं. शब्द मराठी, ठेका विलायती. ते मी गायलं. दुकानातल्या टेपरेकॉर्डरवर भरून त्यानं पाठवून दिलं.

चार महिन्यांनी पत्र आलं. गाणं पहिल्या फेरीत निवडलं होतं. कडव्याच्या शेवटी आवाज मध्येच सोडून दिलेली जागा त्यांना फार आवडली होती. आता स्टुडिओत नीट ध्वनिमुद्रण करून पाठवायचं होतं.

दादा पत्र घेऊन थेट खडीच्या कामावर आला. मी तोंडावरचा पदर काढून "दादा" म्हणाले, तर नुसती खरखर बाहेर पडली. धुळीनं घसा कधीच धरला होता. नगरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "गाण्याचा आवाज आता येणार नाही."

दोन दिवस दादा नगरभर गाणारी मुलगी शोधत फिरला. मग म्हणाला, "कॉलेजातली एक पोरगी हाय. लई गोड गाती. शिकिवशील तिला?"

"शिकवते की."

शिकवायला मी नगरला दादाकडं राहिले. मुलगी चांगली होती. माझ्या घशासाठी रोज खडीसाखर आणायची. म्हणूनच ती मला सहन होईना. कडव्याच्या शेवटी ती आवाज सरळ वर न्यायची. एकदा तिनं विचारलं, "ताई, ही जागा अशीच ना?"

"हो, अशीच," मी म्हणाले.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी ती जागा आली तशी दादानं चमकून माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. माझ्या कानावर त्याचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता.

नकाराचं पत्र दोनच ओळींचं होतं. कारण लिहिलं नव्हतं. दादानं ते घडी घालून खिशात ठेवलं. "माझी चालच हलकी हुती," एवढंच बोलला. त्या मुलीनं रडून माफी मागितली, तेव्हाही मी शेजारी बसून राहिले.

पुढं दादानं गिटार कुणाला तरी देऊन टाकली. पुन्हा चाल बांधली नाही. तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या जागेचं खरं काय ते त्याला सांगायचं माझ्याच्यानं झालं नाही.